बाटलीवरचा चार

१२ फेब्रुवारी

चिमे,

मोठ्या भावानं पत्राच्या डोक्यावर 'अनेक आशीर्वाद' लिहायचे असतात. दोनदा लिहिले आणि दोन्ही वेळा कागद फाडला. या खेपेला आशीर्वाद राहू देत. आधी तुझी तब्येत कळव.

तू गेलीस त्याला आज दहा दिवस झाले. फोन केला की मेहुणे उचलतात आणि म्हणतात, "ती वर्गात आहे." परवा रविवार होता. रविवारी कुठली शाळा भरते तुझी? मी विचारलं नाही. "बरं, बरं," म्हणून ठेवून दिला. पन्नाशी उलटलेला माणूस धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला घाबरतो, हे बाहेर कुठे बोलू नकोस.

त्या दुपारचं लिहितो. तू शिक्षकांचं प्रशिक्षण आटोपून उन्हातनं थेट आमच्याकडे आलीस. तुझी वहिनी आत चहा टाकत होती. मी आतल्या खोलीत चष्मा शोधत होतो. बाहेर आलो तेव्हा तू माझी पाण्याची बाटली टेबलावर परत ठेवत होतीस. झाकण घट्ट पिळलंस, रुमालानं तोंड पुसलंस आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालीस, "वहिनी, निघते हं मी. उशीर होतोय." माझ्याकडे पाहिलंही नाहीस. चहा कपात तसाच राहिला.

बाटलीत काय होतं ते तुला कळलंच. पण ते का होतं तेही ऐकून घे. एक जुनं गिऱ्हाईक सकाळी दुकानात आलं होतं. फार मागे लागलं. त्याचं मन राखायला थोडीशी घेतली, पाण्यात घालून. एकदाच. पाच वर्षांत एकदा, आणि नेमकी त्याच दिवशी तू आलीस, याला नशीब म्हणायचं नाही तर काय! तुझ्या पोटात गेली त्याची काळजी करू नकोस. एका घोटानं काही होत नाही, मी वाचलंय.

आणि बाटलीवरचे आकडे तू इतके निरखून बघत होतीस, त्याचं कारण एवढंच की ते पुसट झाले होते म्हणून मी पुन्हा गिरवले. रोज पाणी लागतं, पुसट व्हायचेच.

वहिनी विचारते आहे की तुझं काय बिनसलं. मी म्हटलं, उन्हाचा त्रास झाला असेल.

उत्तर लिही. दोन ओळी चालतील.

२ मार्च

चिमे,

उत्तर आलं नाही. बरोबर आहे. 'एकदाच' असं कुणी मला लिहिलं असतं तर मीही दिलं नसतं.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. एकदाच नव्हतं. चौदा महिने झाले.

सुरुवात अगदी साधी झाली. धान्याच्या एका मोठ्या गोदामाचा काटा मी तीन दिवस खपून नीट केला होता. ट्रकच्या ट्रक वजन करणारा काटा, आणि तो चाळीस किलोनं खोटं बोलत होता. काम झाल्यावर तिथल्या लोकांनी जेवायला बसवलं आणि हातात ग्लास दिला. नको म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्या दिवशी काहीही झालं नाही. पुढच्या तपासणीचा रिपोर्ट छान आला. डॉक्टरीणबाई इतर पेशंटांना माझं उदाहरण देत होत्या. मला वाटलं, ही सगळी उगाच भीती घालतात.

तुला एक सांगू? रागावशील, पण आता आणखी किती रागावणार. तुझी किडनी माझ्या पोटात बसली त्या दिवसापासून मला माझं असं काही उरलं नाही. पाणी प्यायलो तर तिच्यासाठी. झोपलो तर तिच्यासाठी. मीठ कमी, गर्दीत तोंडाला फडकं, सर्दी झालेल्या माणसापासून चार हात लांब. वहिनी मला काचेच्या बरणीसारखी उचलून ठेवायची. ती दारू तेवढी माझी होती. तिच्यात कुणाचा वाटा नव्हता, आणि तिच्यासाठी कुणाचे आभार मानायचे नव्हते. हे लिहिताना कान तापलेत माझे. जिनं पोट चिरून घेतलं तिलाच मी सांगतोय की तुझ्या उपकाराचं ओझं झालं म्हणून प्यायलो. चोर तो चोर, वर शिरजोर.

आणि ती भरली कशात, तर तुझ्या बाटलीत.

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी तू कमरेवर हात दाबत माझ्या खोलीपर्यंत चालत आली होतीस. नर्स मागून ओरडत होती. तुझ्या काखेत ही दोन लिटरची बाटली होती आणि हातात काळं पेन. खाटेच्या कडेला बसून तू बाटलीवर रेघा मारल्यास आणि प्रत्येक रेघेसमोर वेळ घातलीस. १०, १२, २, ४, ६. दहा वाजेपर्यंत इथवर प्यायचं, बारापर्यंत इथवर. म्हणालीस, "माझ्या पोरांना पण असंच पाजते मी पाणी. पहिलीतली आहेत, पण तुझ्यापेक्षा ऐकतात." तुझा ४ नेहमीसारखाच, खालची गाठ न मारता उघडा सोडलेला. मी चिडवलंही होतं की दुसऱ्यांना सुवाच्य अक्षर शिकवतेस आणि स्वतःचा चार बघ, पायजम्याची नाडी सुटल्यासारखा. तू हसलीस आणि टाके दुखले म्हणून लगेच रडलीस.

बिनरंगाची दारू आणायचो, बाटलीत पाणी घालून दिवसभर दुकानात पुरवायचो. शेजारचा शिंपी गिऱ्हाइकांना सांगायचा, "पाणी प्यावं तर आमच्या काटेवाल्यांनी. त्यांचा हात कुणी धरणार नाही." मी मान हलवायचो. लाज कोळून पिणं म्हणतात ते मी रोज दहा ते सहा करत होतो, तुझ्या रेघांप्रमाणे.

वहिनी विचारते आहे असं लिहिलं तेही खोटं. तिला तू गेल्यावर तासाभरात कळलं. तुझा कप विसळायला गेली आणि बाटलीही घेऊन गेली. त्या दिवसापासून घरातली प्रत्येक बाटली हुंगते. खोकल्याचं औषध हुंगलं, केसांचं तेल हुंगलं, फिनेल हुंगून शिंकत बसली. मग माझं तोंड हुंगलं. एवढ्या जवळ ती किती वर्षांनी आली होती! पण बोलत नाही. ताट वाढते आणि खिडकीपाशी जाऊन बसते.

रोजचे दोन पेग होते. त्याहून जास्त नाही.

तुमच्या घरी सगळे बसलो होतो तो दिवस राहून राहून आठवतो. मेहुण्यांनी शांतपणे विचारलं होतं, "दादा, एवढंच विचारतो. पिणं सुटलंय ना?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "दादा मला खोटं सांगत नाही." त्या दिवशी ते खरं होतं, चिमे. डायलिसिसच्या खुर्चीत दोन वर्षं काढली, त्यात थेंब घेतला नव्हता. तेवढं मेहुण्यांना सांग. किंवा नको सांगूस. आता ते कशाला ऐकतील?

१९ मार्च

चिमे,

तब्येतीचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. दया मागतोय असं वाटेल. पण ती किडनी तुझी आहे, तेव्हा तुला कळायला हवं.

रक्तातला आकडा चढलाय. क्रिएटिनिन, तुला पाठच आहे. वर्षानुवर्षं १.२ होता. फेब्रुवारीत १.५ आणि काल १.९. पाय सुजलेत. डॉक्टरीणबाईंना कारण सापडत नाही. त्यांनी शुक्रवारी बायोप्सी ठेवलीय, पोटात सुई घालून किडनीचा बारीक तुकडा काढून बघायचा.

त्यांना कारण सापडत नाही, कारण ते माझ्याकडे आहे.

माझ्या धंद्यात एक जुनी गंमत आहे. सरकारी तपासनीस येणार असं कळलं की दुकानदार आदल्या दिवशी माझ्याकडे धावत येतात, "काटेवाले, तेवढा काटा सरळ करून द्या." तपासनीस येतो, वजनं ठेवतो, काटा सोन्यासारखा चालतो, शिक्का बसतो. आठवड्यानं पारड्याखाली पुन्हा काहीतरी चिकटवलेलं असतं. मी त्या लोकांना आयुष्यभर हसलो. एकाला तर तोंडावर म्हणालो होतो, "शेठ, तपासनीस एक दिवस येतो, गिऱ्हाईक रोज येतं."

मीही तेच केलं. गोळी सकाळी नऊला आणि रात्री नऊला, मिनिट चुकवायचं नाही. शरीराला परकी किडनी ओळखू येऊ नये म्हणून ती गोळी. पण दिवसभर पिऊन मी संध्याकाळी आठालाच आडवा व्हायचो. वहिनीला वाटायचं, दमला. गोळ्यांची डबी मी माझ्याच ताब्यात ठेवली होती, 'मी काही कुक्कुलं बाळ नाही' असं ठणकावून. रात्रीची गोळी राहायची. राहिलेली गोळी सकाळी दुकानात नेऊन स्क्रूंच्या डब्यात टाकायचो. तपासणीच्या आधी मात्र चार दिवस एकदम शहाणा. दारू बंद, गोळ्या वेळेवर. रिपोर्ट सोन्यासारखा.

जानेवारीत गणित चुकलं. तपासणीच्या आदल्या दिवशीही प्यायलो आणि रात्रीची गोळी राहिली. सकाळी घाबरलो. रक्त द्यायचं असतं ते सकाळची गोळी घेण्याआधी, म्हणजे रात्रीच्या गोळीतलं किती उरलंय ते कळतं. मला वाटलं, काहीच सापडलं नाही तर पकडला जाईन. म्हणून घरीच दोन गोळ्या घेतल्या आणि मग गेलो रक्त द्यायला. आयुष्य काट्यात गेलं माझं. पारड्यात एकदम जास्त टाकलं तर काटा कुठे जाईल हे मला कळू नये? रक्तात औषध दुप्पट निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आज गोळी आधी घेतली होती का?" मी म्हणालो, "छे."

त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि डोस कमी केला. बरोबरच केलं त्यांनी. तेव्हापासून मला औषध कमी पडतंय, आणि जे पडतंय त्यातलंही निम्मं स्क्रूंच्या डब्यात. माझंच शरीर तुझ्या किडनीच्या अंगावर धावून गेलंय, आणि दार उघडून दिलं मी.

त्या दर वेळी विचारतात, "घेता का? किती?" अगदी चहात साखर किती विचारावं तसं. म्हणतात, "थोडी घेणारे पेशंट माझ्याकडे पुष्कळ आहेत. मी प्रवचन देत नाही, मला आकडा लागतो." आणि मी दर वेळी 'नाही' अशी मान हलवतो. काल बायोप्सीच्या कागदावर सही करतानाही हलवली.

सांगितलं तर त्या काय म्हणतील? फाइलमध्ये लाल शाईनं लिहितील, सगळा वॉर्ड वाचेल. ज्या खाटांवरच्या लोकांना माझं उदाहरण द्यायच्या ते वाचतील. नाही सांगितलं तर अंधारात औषधं देत राहतील आणि तुझी किडनी जाईल. इतकं सरळ आहे, तरी माझी जीभ उचलत नाही. शुक्रवारपर्यंत वेळ आहे.

तू फोनवर एकदा शिवी जरी दिलीस ना, तरी मी जाऊन सांगेन.

२२ मार्च

चिमे,

हे पाठीवर पडून लिहितोय, म्हणून अक्षर असं. सहा तास हलायचं नाही. पोटावर, जिथे तुझी किडनी आहे तिथे, रक्त थांबावं म्हणून वाळूची पिशवी ठेवलीय. सवयीनं वजन ओळखलं, अडीच किलो. नर्सला म्हटलं तर ती म्हणाली, "आजोबा, गप पडा." आजोबा!

तुझी शिवी आली नाही. न येताही सांगितलं.

सुई आत जायच्या आधी डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत होत्या. मी म्हणालो, "बाई, जानेवारीत मी गोळी आधी घेतली होती. दोन घेतल्या होत्या. आणि मी पितो." त्यांचा दुसरा मोजा अर्धाच चढला होता. तो तसाच राहिला. मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, "किती?"

मी म्हणालो, "दोन पेग."

"आणि खरं?"

चिमे, तुलाही मी दोनच लिहिलं होतं. चार. बऱ्याच दिवशी पाच.

त्यांनी मोजा चढवला. म्हणाल्या, "दोन महिने मी तुमची फाइल घरी नेऊन वाचतेय. मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय." बस, एवढंच. मग सुई घातली. सुईचं काही वाटलं नाही. पण त्या बाईनं माझ्या खोट्यापायी स्वतःला दोष दिला होता, ते फार लागलं. एका 'छे'नं मी किती जणांना कामाला लावलं होतं!

दुपारी वहिनी आली. मी तिला दुकानातला स्क्रूंचा डबा आणायला सांगितलं होतं. सगळ्या वॉर्डातून तो खडखड वाजवत आली. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर तो तिनं उपडा केला आणि स्क्रू बाजूला सारून गोळ्या निवडू लागली, तांदूळ निवडतात तशी. एकसष्ट निघाल्या. वहिनी दीड महिन्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "एकसष्ट वेळा मी तुमच्या बाजूला झोपले होते," म्हणाली. मग घरी गेली.

तुझी खोली इथून चौथी होती. दाराला आता निळा रंग दिलाय.

९ एप्रिल

चिमे,

घरी आलो. तीन दिवस हातातून मोठी इंजेक्शनं दिली, डोस वाढवला. शरीराला आवरलंय म्हणतात. आकडा १.६ वर थांबलाय. १.२ आता कधी दिसणार नाही. तुकड्यात वण दिसले, आणि वण जात नाहीत. तू दिली होतीस ती किडनी बारा-पंधरा वर्षं सहज टिकेल असं त्या म्हणायच्या. आता किती, विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्यावर आहे." त्यातली काही वर्षं मी बाटलीतून प्यायलो. ती तुझी होती, आणि मला ती परत देता येत नाहीत.

दारू सोडताना पहिले पाच दिवस हात असे कापायचे की चमचा दातांवर वाजायचा. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होतो, काळजी नको. आता दर मंगळवारी एका खोलीत गोल खुर्च्या मांडून बसतो. तिथला एक गवंडी म्हणाला, "काटेवाले, सगळं सांगून झालं असं वाटलं की समजायचं, मोठं ते अजून आतच आहे." मी हसलो. घरी येऊन हसू गेलं.

मोठं ते अजून आतच आहे.

मी चष्मा शोधत नव्हतो.

पहिल्या पत्रात मीच लिहून बसलो की तू आकडे निरखून बघत होतीस. आतल्या खोलीतल्या माणसाला ते कसं दिसलं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तू वाचलंस तेव्हाच तुला कळलं असणार.

मी दारात उभा होतो. तू पिशवी खाली ठेवलीस, टेबलापाशी गेलीस, बाटली उचललीस. दोन्ही हातांनी धरून आकड्यांकडे बघत राहिलीस. मग झाकण फिरवायला लागलीस. मला सगळं दिसत होतं. तू उन्हातून आली होतीस, तोंड लाल झालं होतं तुझं. एकच किडनी उरलेली माझी बहीण तहानेनं बाटली तोंडाला लावत होती, त्यात काय आहे ते मला माहीत होतं, आणि 'थांब' एवढं म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण 'थांब' म्हटलं की 'का?' येणार. त्या 'का'ला मी भ्यालो. मनात काय आलं तेही सांगतो. आलं की बहुतेक ती ओठ लावून ठेवून देईल. आलं की पातळ आहे, कदाचित कळायचं नाही. कदाचित कळायचं नाही! म्हणजे तुला पिऊ द्यायला मी तयार होतो, फक्त पकडलं जायला तयार नव्हतो.

तू चांगला मोठा घोट घेतलास. गिळलास. तुझा गळा हललेला मी पाहिला.

दारू प्यायलो त्याची लाज आहेच, पण तिचं मी काहीतरी करू शकतो, मंगळवारी जाऊन बसू शकतो. या लाजेचं काय करायचं ते मला कुणी सांगितलेलं नाही. आरशात तोंड बघवत नाही. लहानपणी तू विहिरीच्या काठाशी गेलीस की मी इतका ओरडायचो की आई मलाच रागवायची, 'पोर घाबरून पडेल अशानं'. तो मी कुठे गेला?

आकड्यांचंही खोटंच लिहिलं होतं. त्या पेनाची शाई पाण्यानं जात नाही. ओतताना दारूचे ओघळ यायचे, त्यानं ते पुसले गेले. वहिनीला दिसू नये म्हणून मी गिरवले.

आता आत काही नाही. उत्तर मागत नाही.

३ मे

चिमे,

तुझं पत्र काल दुकानात मिळालं. सात ओळी. इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं, तरी पुन्हा लिहून काढतो, म्हणजे मी पुढेमागे त्यात काही बदलायला नको.

'दादा, सगळी पत्रं मिळाली. तो ४ माझा नव्हता, गाठ मारलेला होता. शाळेत मी त्याच पेनानं पोरांच्या बाटल्यांवर नावं घालते, वर्षभर घासून जात नाहीत, स्पिरिटच्या बोळ्यानं जातात. तेव्हा उचलतानाच मला कळलं होतं. मला तहान नव्हती, स्टँडवर पाणी प्यायले होते. कपाटाच्या आरशात तू दारात दिसत होतास, म्हणून झाकण सावकाश फिरवलं, जितकं सावकाश फिरवता येईल तितकं. तू थांब म्हणाला असतास तर मी बाटली ठेवून दिली असती आणि तिथंच बसून तुझ्याशी भांडले असते. १७ मेला माझी वार्षिक तपासणी आहे, तुमच्याकडे उतरणार नाही.'

शिंप्यानं विचारलं, "काटेवाले, काही वाईट?" मी म्हणालो, "घरचं पत्र आहे." मग शटर अर्धं ओढलं आणि मोठ्या तराजूच्या मागे बसून रडलो. तीन महिने मी समजत होतो की तू फसलीस. तू माझी वाट बघत होतीस. झाकणाचे आटे एकेक करत तू मला वेळ देत होतीस. पाच वर्षांपूर्वी जे दिलंस ते कमी होतं म्हणून त्या दुपारीही देतच होतीस, आणि मी दारात उभा राहून मोजत होतो की पकडला जाईन की नाही.

उपकाराचं ओझं झालं असं मी लिहिलं होतं ना, ते खोड. ओझं नव्हतं ते. माझीच पाठ वाकडी होती.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. ज्यानं काटा दुरुस्त केला त्यानं त्यावर शिक्का मारायचा नाही. शिक्का बाहेरचा माणूस मारतो. म्हणून परवा मी हॉस्पिटलात लिहून देऊन आलो की माझे रिपोर्ट मला कळवायच्या आधी तुला कळवावेत. तुझा नंबर दिलाय. नको असेल तर त्यांना तसं सांग, मला सांगायची गरज नाही. रात्रीची गोळी वहिनी स्वतःच्या हातानं देते आणि तोंड उघडून दाखवायला लावते. कुक्कुलं बाळ आहे मी, हे आता मान्य केलं.

१७ तारखेला मी तिथे असेन. तपासणीच्या खोलीसमोरच्या बाकावर नाही, खालच्या, नोंदणीच्या खिडकीजवळच्या. तू बोलली नाहीस तरी चालेल. मेहुणे बोलले तरी चालेल. सोनोग्राफीआधी तुला पोटभर पाणी प्यावं लागतं, ते मला आठवतं. बाटली सोबत आणतो. वहिनी ती फेकणार होती, मी घासून ठेवलीय. आकडे गिरवले नाहीत. आहेत तसे आहेत, माझा चार सुद्धा.

तहान लागली तर माग. पण आधी हुंगून बघ. नुसतं पाणी आहे असं मी म्हणालो, तरी हुंग.

तू पत्रावर 'दादा' लिहिलंस, म्हणून खाली लिहायचं धाडस करतो.

दादा